माकडतापाच्या मागावर: सावंतवाडी ते शिवमोग्गा

पहिला दिवस: पुणे – निपाणी – आंबोली – सावंतवाडी

माकडताप हा गोचिडांमार्फत पसरणारा विषाणूचा रोग. त्याच्या तपासणीसाठी गोचीड आणि इतर नमुने गोळा करण्याची ही फेब्रुवारीतली आठ दिवसांची फेरी. पुण्याहून निघताना गाडीत सगळ्यात आधी चढते ते नमुने गोठवण्यासाठीचे द्रव नायट्रोजनचे भांडे. ते उभेच राहिले पाहिजे, त्याचे झाकण हवाबंद नसले पाहिजे आणि गाडीची एक काच कायम दोन बोटे खाली असली पाहिजे. नायट्रोजन सतत उडत असतो. बंद गाडीत तो प्राणवायूची जागा घेतो आणि आतल्या माणसाला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. झाकण दाबून घट्ट बसवले तर भांडे फुटण्याची भीती. रोज सकाळी लाकडी पट्टी आत बुडवून बाहेर काढायची. जिथपर्यंत पट्टीवर पांढरे बाष्प गोठते तेवढा नायट्रोजन शिल्लक. हा अंदाज चुकला की शेवटच्या दोन दिवसांचे नमुने वाया जातात, आणि तेव्हा जंगलात नायट्रोजन भरून देणारे कोणी नसते.

बाकीचे सामान साधे आहे. गोचीड पकडायला एक मीटर लांब, एक मीटर रुंद पांढऱ्या फ्लॅनेलची फडकी, माणशी दोन. बांबूच्या काठ्या. बारीक टोकाचे चिमटे. पेचाच्या झाकणाच्या लहान कुप्या. पांढरे लांब मोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे; कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी फवारून वाळवलेले. लेबलसाठी शिसपेन्सिल. पेनाची शाई अल्कोहोलचा एक थेंब पडला की पुसली जाते, आणि नाव पुसलेली कुपी म्हणजे कचरा.

फेब्रुवारीच का, याचे उत्तर गोचिडाच्या जन्मक्रमात आहे. माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, पसरवणारा मुख्य गोचीड हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. त्याची मादी पावसाळ्यात गुरांवर किंवा मोठ्या रानजनावरांवर पोट भरते, खाली पडते आणि अंडी घालते. पाऊस सरला की ऑक्टोबरपासून सहा पायांचे लार्व्हा पाचोळ्यात दिसू लागतात. ते उंदीर, चिचुंदरी, पक्षी, माकडे यांच्यावर जगतात, कात टाकतात आणि आठ पायांचे निम्फ होतात. हे निम्फ जानेवारी ते मार्चमध्ये सर्वात जास्त असतात आणि माणसाला चावतात ते मुख्यतः हेच. प्रौढ गोचीड माणसाच्या वाटेला फारसा जात नाही. म्हणून माकडतापाचे रुग्ण डिसेंबर ते मे या काळात येतात, आणि म्हणून ही फेरी पावसाळ्यात केली तर गोचीड भरपूर मिळतात पण हवे ते मिळत नाहीत.

सुरूर फाट्यावरून उजवीकडे वाई-महाबळेश्वरचा रस्ता फुटतो. तिथल्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये घेतले आणि त्यात निपाहविरोधी प्रतिपिंडे सापडली. महाराष्ट्रात निपाहचा रुग्ण नसताना हे समजले, हे त्या कामाचे मोल. प्राण्यात काय आहे ते माणूस आजारी पडायच्या आधी कळावे, एवढ्यासाठीच तर ही सगळी पायपीट.

आंबोली उतरेपर्यंत अंधार होतो. सावंतवाडीत पोचल्यावर एकच काम: वनखात्याच्या परवानगीची पत्रे, तालुका आरोग्य अधिकारी आणि पशुधन विकास अधिकारी यांचे दूरध्वनी क्रमांक आणि उद्याच्या गावांची नावे एका कागदावर. अभयारण्याच्या हद्दीत पाऊल टाकायचे असेल तर वन्यजीव विभागाचे वेगळे पत्र लागते. ते नसेल तर काम त्या हद्दीबाहेरच करावे.

दुसरा दिवस: दोडामार्ग

सिंधुदुर्गात माकडताप प्रथम ठळकपणे दिसला तो २०१६ च्या सुरुवातीला, दोडामार्ग तालुक्यातल्या केर परिसरात. त्याआधीच्या वर्षी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पाळी गावात रुग्ण आढळले होते. तोवर अनेक दशके हा रोग कर्नाटकातल्या काही तालुक्यांचा मानला जात होता. पण २०१२ नंतर बंदिपूर, निलगिरी, वायनाड, सत्तरी, दोडामार्ग अशी एकामागून एक नावे जोडली गेली.

सकाळी सात वाजता फडके घेऊन बाहेर पडण्यात अर्थ नाही. दव असते. फ्लॅनेल भिजले की गोचिडाला त्याच्या धाग्यात पाय अडकवता येत नाही आणि तासभर फिरूनही हाती शून्य येते. साडेनऊच्या सुमारास गवत कोरडे होते, तिथून साडेअकरा-बारापर्यंत काम. दुपारी ऊन वाढले की गोचीड पाण्याचा अंश टिकवायला पाचोळ्याखाली उतरतात. पुन्हा चारनंतर.

फडके ओढायचे नाही, लोळवायचेही नाही. काठीला बांधून झुडपाच्या गुडघाभर उंचीच्या पात्यांवरून हळू फिरवायचे, मग पाचोळ्यावर पसरून पुढे सरकायचे. निम्फ गवताच्या टोकाला पुढचे पाय पसरून बसलेला असतो. त्या पायांवरच्या इंद्रियाला श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब कळते. फडके जवळून गेले की तो पकडतो. दर दहा-पंधरा पावलांनी थांबून दोन्ही बाजू तपासाव्या लागतात. जास्त चालले तर चिकटलेले गोचीड पुढच्या झुडपाला घासून गळतात. नवखा माणूस इथेच चुकतो: भराभर चालतो, खूप अंतर कापतो आणि कमी मोजतो. घाणेरी आणि रानमोडीच्या जाळीत फडके फाटते. तिथे अर्ध्या आकाराचे फडके वापरावे, पण नोंदवहीत तसे लिहावे, नाहीतर आकड्यांची तुलना खोटी होते.

मोजण्याचे एकक एका माणसाचा एक तास. दोघे अर्धा तास फिरले तरी तो एक तास. सोबत जागेचे अक्षांश-रेखांश, वेळ, तापमान, आर्द्रता आणि झाडोरा: काजूची बाग, पोफळीची बाग, राखीव जंगल, गुरांची वाट, नदीकाठ. दोडामार्गात काजूची बाग आणि जंगल यांच्यात कुंपण असेलच असे नाही. बागेच्या शेवटच्या ओळीनंतर थेट आईन-किंजळ सुरू होतात. आमच्या मते माकडताप समजून घ्यायचा असेल तर हीच कड धुंडाळावी. आत घनदाट जंगलात गोचीड असतात, पण माणूस तिथे दिवसभर बसत नाही. काजूच्या हंगामात मात्र घरातली बायामाणसे बोंडू गोळा करायला, बी वेगळी करायला सावलीत तासन्‌तास जमिनीवर बसतात. पातेरा गोळा करणाऱ्याच्या तर डोक्यावरच पाचोळ्याचा भारा असतो.

सापडलेला गोचीड चिमट्याने उचलून कुपीत. पुढचा प्रश्न जिवंत ठेवायचा की गोठवायचा. विषाणू जिवंत वेगळा काढायचा असेल तर कुपीत ओलसर गवताचे पाते ठेवून, तोंडाला जाळीचे कापड लावून थंड सावलीत ठेवतात; कोरडा पडलेला निम्फ लवकर मरतो आणि त्यातला विषाणूचा आरएनए, म्हणजे जनुकीय द्रव्य, विघटित होतो. फक्त पीसीआर करायचे असेल तर त्याच दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये. सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेला गोचीड ओळखायला उत्तम, पण त्यातून जिवंत विषाणू मिळत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणाचे काही गोचीड अल्कोहोलमध्ये आणि बाकीचे थंडीत, असे आधीच ठरवून जावे.

संध्याकाळी गाडीत बसण्यापूर्वी एकमेकांची पाठ, मान, कानामागची जागा, काख, गुडघ्याची मागची बाजू तपासायची. कपडे वेगळ्या पिशवीत, मुक्कामी पोचल्यावर कढत पाण्यात. अंगाला लागलेला गोचीड काढण्याची एकच रीत: बारीक चिमट्याने कातडीला लागून पकडायचा आणि सरळ वर ओढायचा. पिळायचा नाही. रॉकेल लावणे, बिडीचा चटका देणे हे उपाय गावोगाव चालतात. त्याने गोचीड चिडून पोटातले द्रव्य जखमेत ओकण्याचा धोका वाढतो. नखावर चिरडणे तर त्याहून वाईट. त्याच्या शरीरातला विषाणू बोटाच्या भेगेतून आत जाऊ शकतो.

तिसरा दिवस: दोडामार्ग, गाव आणि गोठा

आज फडकी गाडीतच. सकाळ प्राथमिक आरोग्य केंद्रात, दुपार गोठ्यांत.

माकडतापाचा रुग्ण अचानक चढलेल्या तापाने येतो. कपाळ ठणकते, अंग इतके दुखते की कूस बदलवत नाही, डोळे लाल होतात. पहिल्या आठवड्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात, काहींच्या हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. ताप उतरून आठ-पंधरा दिवस बरे वाटते आणि काहींना दुसरा फेरा येतो, त्यात मान आखडणे, कंप, भ्रम. गोचीड चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ३ ते ८ दिवस. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३ ते ५ टक्के. खास औषध नाही. पाणी, विश्रांती, रक्तस्रावाकडे लक्ष. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, कारण रक्तस्राव वाढतो. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही, हे गावात पुन्हापुन्हा सांगावे लागते; नाहीतर आजाऱ्याच्या घरी कोणी फिरकत नाही.

रक्त कधी काढले, यावर तपासणी अवलंबून आहे. ताप आल्यापासून पहिले आठ-दहा दिवस विषाणूचा आरएनए रक्तात सापडतो, म्हणून आरटी-पीसीआर. पाचव्या दिवसानंतर आयजीएम प्रतिपिंडे दिसू लागतात, म्हणून ती ओळखणारी एलायझा चाचणी. मधल्या दिवसांत दोन्ही. आरोग्यसेवकाने चिठ्ठीवर "ताप, चार-पाच दिवस" असे लिहून पाठवले तर प्रयोगशाळेने कोणती चाचणी करावी? ताप सुरू झाल्याची तारीख आणि रक्त काढल्याची तारीख, दोन्ही हव्यात. ही एक ओळ नसल्यामुळे किती नकारात्मक निकाल खोटे असतात, याचा विचार केला की जीव कळवळतो. रक्त प्लेन नळीत चार-पाच मिलिलिटर, गुठळी झाल्यावर सीरम वेगळे, आणि तिहेरी वेष्टन: गळू न देणारी नळी, भोवती शोषक कापूस घालून दुसरी बंद डबी, बाहेर टणक खोका. बर्फाच्या पिशव्या दुसऱ्या डबीच्या बाहेर.

गोठ्यातला प्रश्न वेगळा आणि बहुतेकांचा इथेच गोंधळ होतो. गुरांच्या रक्तात हा विषाणू पुरेसा वाढत नाही. गायीकडून गोचिडाला लागण होऊन रोगाचा फेर पुढे सरकत नाही. गाय गोचिडाला पोसते, विषाणूला नाही. पण गोचीड पोसला गेला की त्याची संख्या वाढते, आणि जंगलात चरायला गेलेले गुरू ती संख्या गावापर्यंत आणते. यावरून लोक फेब्रुवारीत गुरांना औषध पाजण्याची किंवा पाठीवर ओतण्याची मोहीम काढतात. फेब्रुवारीत गुरांच्या कासेला-कानाला जे टपोरे गोचीड दिसतात ते बहुधा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, म्हणजे नेहमीचा गुरांचा गोचीड. तो सारा जन्म गुरावरच काढतो आणि माकडतापाशी त्याचा मुख्य संबंध नाही. स्पिनिजेराची प्रौढ मादी गुरांवर चढते ती पावसाळ्यात. त्यामुळे माकडतापासाठी गुरांवर औषध टाकायचे असेल तर ते जून-जुलैत. दुभत्या जनावराला दिलेल्या औषधाच्या दुधातल्या अंशाची मुदत पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय काही टोचू नये.

गावातून निघताना सरपंच, आशाताई, वनरक्षक आणि पशुवैद्यक यांना एकत्र बसवून एकच गोष्ट मागावी: माकड मेल्याची खबर त्याच दिवशी, चौघांनाही. आज ही खबर वनरक्षकाच्या वहीत एक, आरोग्य केंद्राच्या वहीत दुसरी आणि गुरांच्या दवाखान्यात नोंदच नाही, अशी पडून असते. तिन्ही वह्या शेजारी ठेवल्याशिवाय माकड आधी मेले की माणूस आधी आजारी पडला हे उमगत नाही.

चौथा दिवस: सत्तरी, चोर्ला घाट

दोडामार्गहून साखळीमार्गे वाळपई जवळच. सत्तरीतही काजू हेच चित्र: डोंगरउतारावर बागा, बोंडूच्या रसाची हुर्राक, म्हणजे काजूची दारू, गाळण्याची धावपळ, आणि पलीकडे म्हादईचे अभयारण्य. कालच्या रीतीने दोन ठिकाणी फडकी फिरवून काम आटोपते. वेळ जातो तो मेलेल्या माकडाच्या पद्धतीची उजळणी करण्यात, कारण ही फेरी नसतानाही ते काम इथल्याच लोकांना करायचे आहे.

लाल तोंडाचे माकड आणि काळ्या तोंडाचे वानर, दोघांनाही हा विषाणू मारतो. मेलेल्या माकडाचे अंग थंड होऊ लागले की त्याच्यावरचे गोचीड उतरून आजूबाजूच्या पाचोळ्यात पसरतात. पोट भरलेले लार्व्हा तिथेच कात टाकून विषाणूसकट निम्फ होतात. म्हणून मढे जितके धोक्याचे, त्याहून धोक्याची त्याभोवतीची जमीन. ती पुढचे कित्येक आठवडे धोक्याची असते.

क्रम असा. कुत्री-मुले दूर. मढे ओढत नेऊ नये, हात लावू नये. संपूर्ण संरक्षक पोशाख, दोन जोड हातमोजे, चष्मा आणि एन-९५ मुखपट्टी असलेला पशुवैद्यकच जवळ जाईल. मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी टाकण्याआधी एकाने भोवतीच्या जमिनीवर फडके फिरवून गोचीड घ्यावेत, कारण नंतर मिळणार नाहीत. मग मढ्यापासून चारही बाजूंनी ५० फुटांपर्यंत मॅलॅथिऑनची भुकटी. शवविच्छेदनात मेंदू, फुप्फुस, हृदय, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांचे लहान तुकडे वेगवेगळ्या कुप्यांत, प्रत्येक अवयवाला वेगळे पाते. काही तुकडे फॉर्मेलिनमध्ये, पण ते वेगळ्या डब्यात: फॉर्मेलिनमधल्या तुकड्यातून विषाणू वाढवता येत नाही आणि त्याची वाफही शेजारच्या नमुन्याला नको. नंतर मढे तिथेच जाळायचे, पूर्ण जळेल इतके लाकूड घालून. अर्धवट जळालेले मढे रात्री कोल्हे उकरतात.

कोकण-गोव्याच्या उकाड्यात एका दिवसात मढे कुजते. कुजलेल्या मढ्याचे नमुने बहुधा निरुपयोगी. तरीही ते नोंदवायचे, भुकटी टाकायची, जाळायचे. आणि मेलेले प्रत्येक माकड माकडतापाचे नसते. विजेची तार, रस्त्यावरची गाडी, कुत्र्यांचा चावा, उपासमार. तपासणीशिवाय ठरवू नये.

बागायतदाराचा माकडांवर राग आहे आणि त्याची कारणे खरी आहेत. नारळ, केळी, काजू सगळ्यात नासधूस होते. पण रोगाचे नाव घेऊन माकडांच्या टोळ्या हाकलणे किंवा मारणे हे रोगालाच मदत करणारे आहे. हाकललेली टोळी अंगावरच्या गोचिडांसह शेजारच्या रानात जाते आणि जिथे विषाणू नव्हता तिथे तो पोचतो. माकड या रोगाचे पहिले बळी आहे. गावात कोणी आजारी पडायच्या आधी ते मरते आणि आपल्याला सावध करते.

दुपारी चोर्ला घाट चढून खानापूरकडे, आणि रात्री हल्याळ.

पाचवा दिवस: यल्लापूर – शिरसी – सिद्धापूर

उत्तर कन्नडमध्ये शिरलो की पोफळीच्या बागा दऱ्यांत आणि त्यांच्या वर "सोप्पिन बेट्टा". सोप्पू म्हणजे पाला, बेट्टा म्हणजे टेकडी. बागायतदाराला पाला-पाचोळा काढण्याचा हक्क असलेले हे जंगल. हिरवा पाला बागेला, सुका गोठ्यात गुरांखाली, मग तोच शेणखत होऊन बागेला. ही व्यवस्था फार जुनी आणि शहाणी आहे. पण पाचोळा गोळा करण्याचा हंगाम आणि निम्फचा हंगाम एकच, आणि गोळा केलेला पाचोळा गोठ्यात म्हणजे घराला लागून येतो. पाचोळा नको असे शेतकऱ्याला सांगून चालणार नाही. सांगायचे ते असे: पाचोळा जंगलाच्या आतून न घेता उन्हाच्या मोकळ्या जागेतून घ्या, शक्यतो निम्फ वाढण्याआधी घ्या, गमबूट आणि लांब मोजे घाला, उघड्या अंगाला गोचिडांना दूर ठेवणारे डेपा तेल चोळा, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ. घामाने तेल उतरते, म्हणून दुपारी पुन्हा लावावे लागते. सकाळी एकदा लावून दिवसभर राहिलेल्या माणसाला गोचीड लागला की तेलावरचा विश्वासच उडतो.

संध्याकाळी पिंजरे. उंदीर-चिचुंदरीसाठी पत्र्याचे घडीचे पिंजरे, दहा-दहा मीटरवर, एका ओळीत. आमिष खोबरे, भजी किंवा शेंगदाण्याचे कूट. भज्याला मुंग्या लवकर लागतात आणि आमिष संपले की पिंजरा रिकामाच. दार बंद होण्याचा खटका तेलाने मोकळा आहे का ते प्रत्येक पिंजऱ्याला बोट लावून पाहायचे. पिंजऱ्याच्या पाठीला मूठभर वाळले गवत, म्हणजे अडकलेला जीव थंडीने मरत नाही. प्रत्येक जागेला रंगीत फीत. फितीशिवाय पहाटेच्या अंधारात चाळीस पिंजऱ्यांतले दोन हमखास हरवतात आणि त्यात अडकलेला प्राणी तिथेच उपाशी मरतो.

सहावा दिवस: सिद्धापूर – क्यासनूर

पिंजरे सूर्य वर यायच्या आत उचलायचे. पत्रा तापला की तासाभरात प्राणी दगावतो. भूल देऊन डोळ्याच्या कोपऱ्यातल्या शिरेतून थोडे रक्त, कानाच्या पाळीतले आणि मानेवरचे लार्व्हा चिमट्याने, वजन, लिंग, जात, आणि शुद्धीवर आल्यावर ज्या फितीजवळ सापडला तिथेच सोडायचा. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या नैतिक समितीची मंजुरी सोबत हवी. चिचुंदरीचे तोंड लहान आणि दात तीक्ष्ण: जाड हातमोज्यावरूनही हलकेच धरावी. जोराने धरली तर ती गुदमरते.

लहान प्राण्यांचे महत्त्व हे, की माकडे नसलेल्या वर्षातही विषाणू त्यांच्यात आणि गोचिडात टिकून राहतो असे मानले जाते. माकडांमध्ये तो भडकतो, म्हणून दिसतो. एका हंगामात माकडे मेली नाहीत म्हणून रोग गेला असे समजणे म्हणजे विझलेल्या शेकोटीखालच्या निखाऱ्याकडे पाठ करणे.

दुपारी सोरब तालुक्यात क्यासनूरचे जंगल. १९५७ मध्ये इथे माकडे मरत असल्याची आणि माणसांना ताप येत असल्याची खबर पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला मिळाली. रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने १९५२ मध्ये सुरू झालेले हे केंद्र, पुढे १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झाले. टेलफर्ड वर्क तेव्हा केंद्राचे प्रमुख. पहिली धास्ती पीतज्वराची होती: दक्षिण अमेरिकेत माकडे आणि माणसे एकाच वेळी मरतात ती त्याच रोगाने. तो भारतात शिरला असता तर त्याचे डास इथे आधीच होते. पण सापडलेला विषाणू रशियातल्या वसंत-ग्रीष्म मेंदूज्वराच्या गटातला निघाला, म्हणजे गोचिडांचा. हॅरोल्ड ट्रॅपिडो आणि सहकाऱ्यांनी मग डास सोडून गोचिडांकडे लक्ष वळवले.

रशियाचा नातेवाईक कर्नाटकात कसा, या प्रश्नातून स्थलांतरित पक्ष्यांवर संशय गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे काम सुरू केले. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचे सिद्ध झाले नाही, पण भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाचा पाया त्यातून घातला गेला. १९६९ मध्ये संशोधक जॉर्ज बॉशेल यांनी वेगळा कोन मांडला: विषाणू इथलाच जुना असावा, पण जंगल तोडून शेती वाढली, गुरे रानात शिरली, कडा वाढल्या आणि गोचिडांचे प्रमाण बदलले. दोडामार्गच्या काजूच्या शेवटच्या ओळीपाशी उभे राहिल्यावर हे म्हणणे आजही पटते.

सातवा दिवस: सागर, अरळगोडू, शिवमोग्गा

सागर तालुक्यात शरावतीच्या खोऱ्यातल्या अरळगोडू भागात २०१८ च्या अखेरीस साथ सुरू झाली आणि २०१९ मध्ये ती जीवघेणी ठरली. इथल्या गावांना कन्नडमध्ये "मंगन कायिले", माकडाचा रोग, हे नाव पाठ आहे. शेते, घरे, पोफळी आणि जंगल एकमेकांत इतके गुंतले आहे की कुठे संपले आणि कुठे सुरू झाले हे सांगता येत नाही. फडक्यासाठी जागा शोधावी लागत नाही, घरामागे गेले की पुरे.

लसीबद्दल लोक पहिल्यांदा विचारतात. कोंबडीच्या गर्भपेशींत वाढवून फॉर्मेलिनने निष्क्रिय केलेली लस कर्नाटकात वर्षानुवर्षे दिली गेली, दोन मात्रा महिन्याच्या अंतराने, मग सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, मग दरवर्षी. टोचल्यावर दुखायचे म्हणून पुढच्या मात्रांना लोक येत नसत, आणि परिणाम अपुरा दिसल्याने २०२२ मध्ये ती बंद झाली. त्यामुळे आजची खरी लस म्हणजे गमबूट, तेल आणि वेळेवर दिलेली मेलेल्या माकडाची खबर.

शिवमोग्ग्याच्या विषाणू निदान प्रयोगशाळेत तालुक्यांचे नमुने येतात. आमच्याकडचे पुण्याला जाणार आहेत, त्यांची यादी इथे एकदा जुळवून घेतली. नायट्रोजनची पट्टी चार बोटे. पुरेल.

आठवा दिवस: पुणे

पाषाणला, राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत, भांडे सगळ्यात शेवटी उतरते. खोके उघडण्याआधी यादी आणि कुप्या एकास एक. मग सूक्ष्मदर्शकाखाली, थंड पट्टीवर ठेवून, प्रत्येक गोचिडाची ओळख: हिमाफायसॅलिसचे तोंडाशेजारचे स्पर्शक बाहेरच्या बाजूला फाकलेले, स्पिनिजेराच्या नराच्या मागच्या पायांच्या मुळाशी लांब काटे. निम्फमध्ये हे इतके स्पष्ट नसते; खात्री नसेल तर वंशापर्यंतच लिहावे, जात अंदाजाने लिहू नये.

एका ठिकाणचे, एका जातीचे, एका अवस्थेचे निम्फ वीस-पंचवीसच्या पुंजक्यात एकत्र कुटतात. रक्ताने टपोरलेला गोचीड वेगळा कुटावा, त्याच्या पोटातल्या रक्तातले हीम पीसीआर अडवते आणि खरा सकारात्मक पुंजका नकारात्मक दिसतो. म्हणून प्रत्येक फेरीत एक अंतर्गत नियंत्रण नमुना हवाच. पुंजका सकारात्मक आला तर त्यात किती गोचीड बाधित होते ते कळत नाही, निदान एक होता एवढेच कळते. पंचवीसचे दहा पुंजके आणि त्यातला एक सकारात्मक, तर किमान प्रमाण अडीचशेत एक, ०.४ टक्के. जिवंत विषाणू वाढवायचा असेल तर ते काम सर्वोच्च जैवसुरक्षेच्या दालनातच. अशी चौथ्या पातळीची प्रयोगशाळा इथे डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाली.

नोंदवहीचा शेवटचा रकाना भरायला दुपार जाते. ज्या जागी तासभर फडके फिरवून एकही गोचीड मिळाला नाही, तिथे रेघ मारायची नाही, शून्य लिहायचे. पुढच्या फेब्रुवारीत त्याच अक्षांश-रेखांशावर, त्याच आकाराच्या फडक्याने, सकाळी साडेनऊलाच पुन्हा मोजणी आहे.